चारही रकान्यांत मराठी

मी सातवीत असताना एका संध्याकाळी पप्पांनी जेवणाच्या टेबलावरची ताटं लवकर उचलायला लावली आणि शाळेतून आलेला भलामोठा कागद पसरला. आडव्या ओळींत विषय होते: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, दुसरी भाषा, कला, शारीरिक शिक्षण. उभ्या रकान्यांत हायस्कूलची चार वर्षं. अमेरिकेत शाळा एका मोठ्या परीक्षेने संपत नाही. विषय पास केला की त्याची क्रेडिटं जमा होतात, आणि प्रत्येक विषयाची ठरलेली क्रेडिटं भरली की तुम्ही ग्रॅज्युएट. एखादी ओळ रिकामी राहिली तर बाकीचे मार्क कितीही चांगले असोत, आपल्या वर्गाबरोबर स्टेजवर जाता येत नाही. म्हणून बॉथेल गावातल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत मुलं मिडल स्कूलमध्ये असतानाच बारावीपर्यंतचं सगळं ठरवून टाकतात. कुणाचं गणित कुठल्या वर्षी कॅल्क्युलसपर्यंत पोचणार, हे त्या पोराची उंची माहीत नसणाऱ्यांनाही माहीत असतं.

पप्पांच्या हातात लाल पेन होतं. ते दिवसा सॉफ्टवेअर लिहायचे आणि शनिवार-रविवार पत्रकं. आमची विहाराला जाणारी पाचसहा घरं होती. विहार म्हणजे कुणाचं तरी गराज. तिथे वंदना व्हायची, मग चर्चा, आणि जयंती जवळ आली की पत्रक निघायचं. जातीवर, शिष्यवृत्त्यांवर, इथल्या कंपन्यांत आडनाव विचारणाऱ्यांवर. मला मराठी अक्षरं त्या पत्रकांनीच शिकवली. मी सहा वर्षांची असताना 'जाहीर आवाहन' वाचू शकायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. पत्रकांच्या घड्या घालणं हे माझं काम, आणि घडी घालताना वाचत जायचं ही माझी सवय. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे. त्या कागदांनी मला ताठ उभं राहायला शिकवलं.

भाषेच्या ओळीत शाळेने स्पॅनिश छापलं होतं. आठवीतच सुरू केलं तर हायस्कूलचं एक क्रेडिट आधीच मिळणार होतं. पप्पांनी ते खोडलं आणि चारही रकान्यांतून एकच लांब शब्द लिहिला, मराठी.

"त्यांच्याकडे एक चाचणी असते," ते म्हणाले. "स्वतःची मातृभाषा येत असल्यास तिची क्रेडिटे मिळतात. मग परकी भाषा शिकण्यात वर्षे का घालवावीत? त्या जागी तू समाजशास्त्र घे. वादविवाद घे. पत्रकारिता घे."

पप्पा माझ्याशी असंच बोलायचे. आईशी वेगळं. स्वयंपाकघरात दोघं नागपूरच्या बोलीत बोलत, भरभर, हसत. मी आत गेले की पप्पांची वाक्यं इस्त्री केल्यासारखी सरळ व्हायची आणि आई गप्प व्हायची किंवा इंग्रजीत शिरायची. याचं कारण मला माहीत होतं. पप्पा पुण्याला इंजिनियरिंगला गेले तेव्हा होस्टेलमधली मुलं त्यांना मुद्दाम काहीतरी बोलायला लावायची आणि मग त्यांची नक्कल करत जेवायची. आपल्या मुलीच्या बोलण्यावर कुणी हसता कामा नये, असं त्यांनी तिथेच ठरवलं होतं. मी जन्मायच्या कितीतरी आधी.

हायस्कूलमध्ये मी त्या मोकळ्या झालेल्या तासांचा पुरेपूर उपयोग केला. शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिलं, वादविवादात समोरच्यांना रडवलं. मैत्रिणी स्पॅनिशची क्रियापदं घोकत असताना मी म्हणायचे, "माझी भाषा माझ्या घरी आहे." दर वर्षी मुलांच्या विषयांचं बघणाऱ्या काउन्सेलर बाई भाषेची ओळ दाखवून विचारायच्या, "टेस्ट कधी देतेस?" आणि मी म्हणायचे, "कधीही. आय ॲम फ्लुएंट." अकरावीच्या शेवटी एकदाची दिली.

कॉम्प्युटरसमोर बसून मराठीत टाइप करायचं होतं. पहिला प्रश्न असा होता: तुमची मैत्रीण तुमच्या वाढदिवसाला येऊ शकली नाही. पार्टीत काय काय झालं ते तिला लिहून कळवा. मी लिहिलं की वाढदिवस साजरा करण्याची प्रथा ही बाजारपेठेने निर्माण केलेली असून सुशिक्षित तरुणांनी तिचा गांभीर्याने विचार करणे ही काळाची गरज आहे. दुसरा प्रश्न: शाळेतल्या मित्राला पिकनिकला बोलवा. मी लिहिलं की तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती. पान भरलं. वेळ उरला. मी बाहेर आले ती हवेत.

निकाल बारावी सुरू झाल्यावर काउन्सेलरकडे आला. वाचन उत्तम होतं. लेखनासमोर एक शब्द होता. त्याचा अर्थ असा की या उत्तरांचं मूल्यमापन करता येत नाही. नापास नाही, कमी मार्क नाहीत. मोजताच येत नाही. आणि ज्या भागात सर्वांत कमी मिळालं त्यावरच क्रेडिट ठरत असल्याने क्रेडिट शून्य.

"कदाचित तुला प्रश्न कळले नसतील?" काउन्सेलर बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली ती काळजी मला सहन होईना. तीन वर्षं मी या बाईंना माझ्या भाषेबद्दल भाषणं दिली होती. त्यांनी माझा तक्ता स्क्रीनवर उघडला. सगळ्या ओळी हिरव्या, एक ओळ पांढरी. "पहिल्या वर्षाचं स्पॅनिश आत्ता नववीच्या मुलांबरोबर घेऊ शकतेस," त्या म्हणाल्या, "पण एका वर्षात दोन वर्षांचं होणार नाही. युनिव्हर्सिटीलाही दोन हवीत. वसंतात ती टेस्ट पुन्हा आहे. ती पास झालीस तर जूनमध्ये ग्रॅज्युएट होशील."

घरी सांगितलं तेव्हा आई भाजी फोडणीला टाकत होती. पप्पा आधी उसळले. ही चाचणी कोणत्या मराठीची आहे, ती कोणी बनवली, कोणाच्या घरातली भाषा प्रमाण धरली, याची विचारणा झाली पाहिजे. पत्रक काढू. शाळेच्या बोर्डासमोर मांडू. मला बरं वाटू लागलं. हा रस्ता माझ्या ओळखीचा होता. या रस्त्यावर मी कधी हरले नव्हते.

"तू नेमके काय लिहिलेस?" पप्पांनी पत्रकाच्या मजकुरासाठी विचारलं.

मी सांगितलं. मला पाठ होतं. वाढदिवस, बाजारपेठ, काळाची गरज. बहुसंख्येने उपस्थित राहून.

आई हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. तिला गॅस बंद करावा लागला. "अवं माय!" ती म्हणाली. "केक खाल्ला, फुगे फुटले, मजा आली, एवढंच लिव्हायचं होतं ना! पिकनिकले कार्यक्रमाची शोभा वाढवावी!"

पप्पा हसले नाहीत. ती माझी वाक्यं नव्हतीच, त्यांची होती. एकेक वाक्य कुठल्या पत्रकातलं, हेही त्यांना कळत असणार. पत्रकाचा विषय पुन्हा निघाला नाही. माझा चेहरा गरम झाला होता, पण मला लाज वाटत होती ती नापास होण्याची नाही. माझ्या वाढदिवसाला काय झालं हे सांगायला माझ्याकडे मराठीत खरंच वाक्य नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. शोषणाबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकत होते. फुगा फुटला, हे नाही.

बॉथेलमध्ये एक मराठी वर्ग चालायचा, रविवारी, एका कम्युनिटी हॉलमध्ये. तो चालवणाऱ्या काकू निवृत्त डॉक्टर. आम्ही इथे नवीन असताना, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकमध्ये त्यांनी पप्पांना विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले? आडनावावरून कळत नाही." पप्पांनी तिथेच, हातात ताट घेऊन, त्या प्रश्नात काय दडलंय ते सगळ्यांना समजावून सांगितलं. नंतर त्यावर एक पत्रकही निघालं. त्याच हॉलच्या पार्किंगमध्ये मी ते गाड्यांच्या वायपरखाली लावत फिरले होते. त्या वर्गाला आपण जाणार नाही, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं.

आता पप्पांनी त्यांना फोन लावला. स्पीकरवर लावला, कारण त्यांना मला ऐकवायचं होतं की आपण काय मागतोय. "नमस्कार. माझ्या कन्येस आपल्या वर्गात प्रवेश मिळू शकेल काय?"

"अहो, पाठवा की!" काकू म्हणाल्या. "त्यात विचारायचं काय? येताना पाण्याची बाटली आणायला सांगा, इथला नळ बिघडलाय."

एवढंच. टोमणा नाही, जुनी आठवण नाही. त्यांना तो प्रसंग आठवत तरी होता की नाही, देव जाणे, असं मी म्हणणार होते. आमच्या घरात देव नसतो. पप्पांनी फोन ठेवला आणि बराच वेळ तो उलटासुलटा करत राहिले. त्या बाईंनी नकार दिला असता तर पप्पांना किती सोपं झालं असतं!

रविवारी ते मला सोडायला आले, पण आत आले नाहीत. गाडीत बसून राहिले. मी आत गेले. टेबलं बुटकी, खुर्च्या त्याहून बुटक्या. माझे गुडघे टेबलाच्या वर येत होते. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने मला नीट न्याहाळलं.

"आर यू द न्यू टीचर?"

"नाही. मी शिकायला आलेय."

"बट यू आर सो ओल्ड!" मग थोडा विचार करून, मला धीर द्यावा तशी, "इट्स ओके. माझ्या डॅडलापण येत नाही. तो बंगाली आहे."

काकूंनी प्रत्येकाला विचारलं, सकाळी काय खाल्लं? मुलं पटापट बोलत होती. मी पोळी आणि जॅम खाल्लं. मी सिरियल खाल्लं, दूध सांडलं, मॉम ओरडली. माझी पाळी आली.

"आज सकाळी आम्ही अल्पोपाहार घेतला."

"व्हॉट्स अल्पो?" कुणीतरी विचारलं. "डॉग फूड," दुसऱ्याने सांगितलं, कारण इथे त्या नावाचं कुत्र्यांचं खाणं मिळतं, आणि वर्ग खिदळला.

"अगं, पण खाल्लंस काय?" काकूंनी विचारलं.

खाल्लं होतं आदल्या दिवशीचं मटण आणि भाकर. मटणाचा रस्सा सकाळी जास्त लागतो असं आई म्हणते. ते शब्द मला ऐकून माहीत होते, पण तोंडातून कधी काढले नव्हते. या खोलीत ते काढल्यावर काय होईल, याचा अंदाज मला येईना. काहीही झालं नसतं बहुधा. मी जात या विषयावर इंग्रजीत दोन निबंध लिहिले होते, दोन्ही छापून आले होते.

"पोहे," मी म्हणाले.

"छान! आता पूर्ण वाक्यात."

परत येताना गाडीच्या काचांवर वाफ धरली होती. पप्पा इतका वेळ हीटर न लावता बसले होते. "काय शिकवले?" त्यांनी विचारलं.

"पोहे."

त्यांनी मान हलवली, जणू हा अभ्यासक्रमाचा ठरलेला भाग होता.

मी त्या वर्गात जात राहिले. काकू चांगलं शिकवायच्या, हे मला मान्य करावं लागेल, आणि मान्य करताना अजूनही दाताखाली खडा आल्यासारखं होतं. पण आठवड्यातून एक तास पुरणार नव्हता. मला रोज बोलायला कुणीतरी हवं होतं. पप्पांशी बोलून उपयोग नव्हता, आमच्या दोघांच्या तोंडी तीच वाक्यं होती. राहिली आई.

आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिला मी संध्याकाळी घ्यायला जायचे. एकदा गाडीत तिला म्हटलं, माझ्याशी तुझ्या मराठीत बोल.

"व्हाय?" ती म्हणाली.

"टेस्टसाठी."

"माझी मराठी काय कामाची? तुझे पप्पा म्हणते, पोरीच्या कानावर नको. काकूकडे शीक ना." ती खिडकीबाहेर बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली की माझं बोलणं शिकलीस तर पुन्हा नापास होशील.

जन्मल्यापासून मी या बाईबरोबर राहत होते. कुणाचीही बोली कमी दर्जाची नसते, असं छापलेल्या पत्रकांच्या घड्या मी तिच्याच टेबलावर घातल्या होत्या, आणि ती समोर बसून भाजी निवडत होती, गप्प. तिला कुणी गप्प केलं होतं? होस्टेलमधल्या मुलांनी, असं उत्तर मी एरवी दिलं असतं. त्या गाडीत ते पुरेना. मी पार्किंगमधून गाडी काढलीच नाही. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा आई म्हणाली, "चाल ना वं, काऊन थांबली?" आणि मग, मी पुन्हा पुन्हा मागे लागल्यावर, तिने दिवसभराचं सांगायला सुरुवात केली. कुणाची शीर सापडत नव्हती, कोण सुई बघून आडवा झाला, कँटीनवाल्याने कॉफी सांडली. मी मधे मधे विचारायचे. माझी वाक्यं मोडकी असायची, ती ती दुरुस्त करायची नाही, नुसतं उत्तर द्यायची. पुढे पुढे ती हसून बोलायला लागली. घराच्या दारात पोचलो की मात्र आवाज खाली यायचा.

वसंतात टेस्ट झाली. प्रश्न होता: घरी पाहुणे असताना काही गडबड झाली असेल तर मैत्रिणीला लिहा. मी आमच्याकडे खरंच झालेलं लिहिलं. आईने पाहुण्यांसाठी वाळवलेली मासळी, सुकट, भाजायला घेतली, धुराचा अलार्म वाजला, तो बंद होईना, फायर ब्रिगेडची गाडी आली, रांगेतले सगळे शेजारी नाइटड्रेसमध्ये पावसात उभे, आणि पाहुण्या मावशी हातात सुकटीची ताटली धरून त्यांच्यात. लिहिताना मला हसू येत होतं. मग मी 'सुकट' या शब्दावर थांबले. वाचणारा कोण असेल? त्याला शब्द माहीत असेल का? आणि माहीत असेल तर? पापड लिहावं. पापडानेही अलार्म वाजतो. मी सुकट पुसलं, पापड टाइप केलं, पापड पुसलं, पुन्हा सुकट टाइप केलं. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. वेळ संपला तेव्हा पडद्यावर सुकट होतं. मी धीट होते म्हणून नाही. घड्याळ त्या वेळी थांबलं म्हणून.

मी पास झाले. हवी होती तेवढी क्रेडिटं मिळाली, पांढरी ओळ हिरवी झाली, काउन्सेलर बाईंनी मला मिठी मारली. पप्पांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "अभिनंदन."

जूनमध्ये ग्रॅज्युएशनच्या आदल्या रविवारी वंदनेला आमच्याकडे सगळे जमले होते. विहारातल्या एका काकांची मुलगी तेव्हा सातवीत होती. जेवणं चालू असताना ते पप्पांना म्हणाले, "दादा, आम्हीपण तुमच्यासारखंच केलं बरं का. शाळेचा कागद आला होता. स्पॅनिश कॅन्सल. चारही वर्षं मराठी टाकून दिलं!"

दोघंतिघं वा वा म्हणाले. ती मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी पप्पांकडे बघितलं. मी पास झाले एवढंच बाहेर माहीत होतं. पहिल्या वेळचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, वर्गाचंही नाही. पप्पांनी घसा साफ केला. "मातृभाषा ही," त्यांनी सुरुवात केली. सगळे ऐकायला वळले. पुढचं वाक्य मला माहीत होतं, मी त्याची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर ते यावं असंच मला वाटत होतं. ते आलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

"माझं ऐकू नका," पप्पा म्हणाले. "हिला विचारा."

ते रिकामी ताटं गोळा करून आत गेले. मग मी सांगितलं. बाजारपेठ, नम्र विनंती, बुटक्या खुर्च्या, अल्पोपाहार. लोक हसले, आधी बेतानं, मग मोकळेपणानं. त्या मुलीनेही फोनमधून मान वर काढली. मीही हसवत होते, कारण हसवत सांगितलं तर निभावतं. पण कान तापले होते. आतून नळाचा आवाज येत होता. पप्पा एकेक ताट पुन्हा पुन्हा धूत होते, आणि आई त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्या हातातून ती काढून घेत होती.

काका हसायचे थांबले. ते हिशेबी माणूस. "मग आता काय करायचं? आठवीत मधूनच स्पॅनिश घेता येतं का? आम्ही तर कागद सबमिट केला."

मला माहीत नव्हतं. इतक्या मोठ्या गोष्टींवर माझी मतं होती, आणि हे मला माहीत नव्हतं.

"काउन्सेलरना विचारा," मी म्हणाले. "उद्याच विचारा. आणि घरी तिच्याशी बोला, काका. कशावरही बोला."